अक्षराची टिकली

मागे वाशीमला भाच्याच्या मुलीचं लग्न होतं. मंगल कार्यालयात भिंतभर पडदा, त्यावर गाण्याचे शब्द सरकणार, आणि ज्याला हौस त्यानं माईक घेऊन गायचं, असा बेत. बेत झकास होता, पण ते कराओकेचं यंत्र पडद्याला काही केल्या जुळेना. आवाज आला की शब्द गायब, शब्द आले की आवाज गायब. शिकलीसवरलेली पोरं वायरींच्या गुंत्यात घाम पुसत बसलेली, आणि नवरीचा बाप दर थोड्या वेळानं येऊन विचारतोय, "झालं का रे?" मी खुर्चीत बसल्या बसल्या म्हटलं, "बाबांनो, हे आम्ही शेलूबाजारला ज्वारीच्या गोदामात करून बसलो आहोत, तुमचे बाप चड्डीत फिरत होते तेव्हा." एकानंही मान वर केली नाही. म्हातारीचं कोण ऐकतं? तुम्ही तरी ऐका.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. जिल्हा तेव्हा अकोला. आमचं गाव शेलूबाजारपासून पायी जाण्याइतकं जवळ. मी मॅट्रिक झाले होते, आणि आमच्या वस्तीतल्या बायकांसाठी प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला तेव्हा मास्तरीण म्हणून मलाच बसवलं. बुद्धविहाराच्या ओट्यावर, कंदिलाच्या उजेडात, दिवसभर निंदण-खुरपण करून आलेल्या बाया पाटी घेऊन बसायच्या. कोणी जांभया द्यायची, कोणी लेकराला पाजायची, कोणी शेजारणीशी भांडण उरकून घ्यायची. मी ओरडायचे. रागीट तर मी तेव्हाही होतेच. पण खरं सांगते, त्या वर्गावर माझा फार जीव होता. घरोघरी जाऊन, नवऱ्यांशी हुज्जत घालून एकेक बाई मी आणली होती.

त्यात सगळ्यात अवघड विद्यार्थीण म्हणजे आमची माय.

मायचं डोकं म्हणजे गाण्यांची कोठीच. लग्न असो, बारसं असो, जात्यावरचं असो, तिनं एकदा तोंड उघडलं की थांबायची नाही, आणि अर्धी गाणी तर तिचीच रचलेली. एकदा ऐकलं की पाठ. त्यामुळं अक्षरांची तिला गरजच वाटायची नाही. मी धडा एकदा वाचून दाखवला की ती पुस्तकाकडं न बघता घडाघडा म्हणून मोकळी. "माय, अक्षरावर बोट ठेव नं," मी म्हणायचे. "कायले? येते नं मले," ती म्हणायची. अनुस्वार तर तिच्या गावीच नव्हता. मी बायांना सांगितलं होतं, ही अक्षराची टिकली आहे, अक्षराच्या डोक्यावर टिकली दिसली की नाकातून बोला. सगळ्या नाकातून बोलायच्या. माय म्हणायची, "तुह्या अक्षरायले टिकल्या कोन लावत बसते वं?"

आणि व्हायचं तेच झालं. अकोल्याहून साहेब वर्ग तपासायला आले. चष्मा, पॅन्ट-शर्ट, बोलणं एकदम पुस्तकी. त्यांनी सगळ्यांत पुढं बसलेल्या बाईला वाचायला सांगितलं, आणि सगळ्यांत पुढं कोण? आमची माय. मायनं पुस्तक उघडलं, खणखणीत आवाजात धडा वाचला, एक शब्द चुकला नाही. मी अभिमानानं फुगून बसले. साहेब जवळ आले आणि हसू लागले. पुस्तक उलटं होतं. मायनं आख्खा धडा उलट्या पुस्तकातून वाचला होता.

"हे वाचन नव्हे, बाई, हे पाठांतर आहे," साहेब मला म्हणाले. "पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. तेव्हाही असंच दिसलं तर हा वर्ग बंद करावा लागेल. दुसरीकडे मागणी आहे."

बाया खाली बघत राहिल्या. एक-दोघी तर पदरात तोंड घालून हसत होत्या, पण ते लाजेनं.  घरी आल्यावर मी मायवर जे तोंडसुख घेतलं, ते सांगण्यासारखं नाही. तिनं मुकाट्यानं भाकरी थापल्या. दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून बसू लागली आणि एक शब्द बोलेनाशी झाली. रुसली, मी समजले. रुसू दे म्हटलं. मला वर्गाची काळजी लागली होती. तो एकदा बंद पडला असता तर आमच्या वस्तीत पुन्हा बायकांचा वर्ग देतो कोण? "पाह्यलं? बायायले काय येते," हे म्हणायला गाव टपलेलंच होतं.

त्याच दिवसांत शेलूबाजारला टुरिंग टॉकीजचा तंबू पडला. मी पाच-सहा जणींना घेऊन सिनेमाला गेले. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर काचेच्या स्लाइडी दाखवायचे, कापडाच्या दुकानाची जाहिरात, विडी ओढू नका, असलं काहीबाही. माझ्या शेजारी वर्गातली एक काकू होती. वर्गात तिला 'कमळ' वाचता येत नव्हतं. तिनं पडद्याकडं बघत मोठ्यांदा सुरू केलं, "वि... डी... ओ... ढू... न... का." आजूबाजूचे पुरुष विड्या लपवायला लागले. मी तिला म्हटलं, "काकू, तुले तं वाचता येते!" ती म्हणाली, "आवो बाई, इथं दिसते नं! तुह्या पुस्तकातल्या मुंग्या मले दिसतेतच कुठं?"

घ्या! आम्ही कंदिलात बारीक अक्षरं दाखवून बायांना ढ ठरवत बसलो होतो. माझ्या डोक्यात लगेच लख्ख झालं. साहेबांसमोर बायांना पुस्तक द्यायचंच नाही. मोठा पडदा लावायचा, त्यावर मायच्या ओव्या लिहायच्या, ढोलकी वाजवायची, आणि सगळ्यांनी पडद्यावर बघून, वाचत वाचत गायचं. एकटीनं वाचायला लाज वाटते, गाताना कोणाला लाज वाटते?

टॉकीजचा ऑपरेटर भला माणूस. अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी बोलायचा. दुपारी तंबू रिकामाच असतो, मशीन घेऊन जा म्हणाला, मीच येतो संगं. स्लाइडचं मशीन, अॅम्प्लिफायर, माईक आणि भोंगा, सगळं द्यायला तयार. फक्त एक शंका त्यानं काढली. "पर बाई, ह्या ओव्या तं बायायले पाठ हायेत नं? मंग साहबले काय समजन, गाऊन राह्यल्या का वाचून राह्यल्या?"

मला राग आला. राग यायचं कारण उघड होतं, त्याचं म्हणणं खरं होतं. "तू मशीन जोड," मी म्हटलं, "बाकीचं मी पाह्यते." बाकीचं मी काहीही पाहिलं नाही.

जागा म्हणून बाजारातलं ज्वारीचं गोदाम मिळालं. दार लावलं की भरदुपारी अंधार. आत एका बाजूला पोत्यांची थप्पी, आणि पोत्यांत सोंडे. तेच ते बारके काळे किडे, ज्वारीला लागतात. मी घरी बसून काचांवर डिंकाचं पाणी पुसलं, नाहीतर शाई टिकत नाही, आणि वर काळ्या शाईनं ओव्या लिहिल्या. माय ज्या बोलीत म्हणायची त्याच बोलीत लिहिल्या. शुद्ध मराठीत लिहिल्या असत्या तर गायला कोणाचं तोंड उघडलं असतं? मी लिहीत होते आणि माय लांबून बघत होती. "ये नं माय, पाह्य," म्हटलं तर म्हणाली, "मले काय समजते त्यातलं." मला वाटलं, अजून रुसवा गेला नाही बयेचा.

साहेब येणार तो शेलूबाजारचा बाजाराचा दिवस. सकाळपासून आमची जुळवाजुळव. गोदामात वीज नव्हती. पलीकडच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं कनेक्शन द्यायचं कबूल केलं होतं. ऑपरेटर वायर खांद्यावर घेऊन ओरडला, "लाइन कोन देनार हाये?" आमच्यातली ढोलकीवाली म्हणाली, "मास्तरीनबाईची माय देते ना लाइन, आमी मागून म्हनतो." तो कपाळाला हात लावून बसला. गिरणीवाल्यानं लाइन दिली, पण भोंगा गुरगुरायला लागला. माईकची वायर आणि मशीनची वायर एकमेकींवर पडल्या होत्या, त्या लांब केल्या. तरी गुरगुर राहिली. मग एक तार बाहेर मातीत खोचली आणि त्यावर बादलीभर पाणी ओतलं, तेव्हा कुठं तो गप्प झाला. इकडं आवाज चढवला की तिकडं मशीनचा बल्ब मंद व्हायचा, आणि गिरणीवाल्यानं सवयीनं गिरणी सुरू केली की दोन्ही जायचं. मी जाऊन त्याला दम दिला की तासभर कोणाचं पीठ दळलं तर याद राख. दोन धोतरं शिवून केलेला पडदा भिंतीवर ताणला. भोंगा दारावर, बाजाराकडं तोंड करून बांधला. तो आत बांधायला हवा होता हे मागाहून कळलं.

साहेब आले, खुर्चीत बसले, दार लोटलं. बाया पडद्यासमोर दाटीनं उभ्या. माईक मायच्या हातात, कारण तिच्याशिवाय ओवी उचलणार कोण? ढोलकी सुरू झाली. ऑपरेटरनं पहिली काच सरकवली.

उलटी! अक्षरं पडद्यावर खाली डोकं वर पाय.

आणि आमच्या बाया? खणखणीत आवाजात, ठेक्यात, एक अक्षर न चुकता गायला लागल्या. उलट्या अक्षरांकडं टक लावून! मी हातवारे करते आहे, कोण बघतं? साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पुन्हा उलटंच!" ते म्हणाले. "बाई, तुम्ही पडदा मोठा केलात. पण यांना हे पाठ आहे. मी यात तपासू काय?"

ऑपरेटरचा प्रश्न! मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं. आणि सगळ्यात जास्त राग आला तो मायचा. माईक तिच्या हातात, आणि ती तेवढी एकटी गप्प उभी. तोंड घट्ट मिटलेलं. बाकीच्या निदान गात तरी होत्या. ही ऐन वेळी रुसून बसली! मी तिच्या कानाशी जाऊन दातओठ खात म्हटलं, "माय, म्हन नं! काहून अशी करून राह्यली?" तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पडद्याकडंच बघत होती.

ऑपरेटरनं घाईनं दुसरी काच लावली, या वेळी नीट. ही मायची सगळ्यांत आवडती ओवी. तिचं माहेर इंझोरीचं. तिथं तिच्या भावानं, म्हणजे आमच्या मामानं, घरावर माडी चढवली होती. साधीशीच एक खोली, पण मायला तिचं कोण कौतुक! साऱ्या वस्तीला तिनं ती ओवी ऐकवून ऐकवून पाठ करवली होती. पडद्यावर मी लिहिलं होतं,

माह्या भावाची गं माडी
तिले खिडक्या गं चार

मायनं माईक तोंडाशी नेला, आणि सगळ्या बाजारात आवाज घुमला:

"माह्या भावाची गं मांडी, तिले खिडक्या गं चार!"

बाकीच्या बायांनी सवयीनं 'माडी' म्हटलं आणि त्या थबकल्या. ढोलकी थांबली. मी पडद्याकडं बघितलं. 'मा'च्या डोक्यावर ठसठशीत काळं टिंब. मी काही ते दिलेलं नव्हतं! मी डोळे फाडून बघते आहे, तोवर ते टिंब हललं. त्याला पाय होते. पोत्यातला एक सोंडा डिंकाच्या वासानं काचेवर चढला होता.

"हं, पुढं," साहेब म्हणाले. ते आता खुर्चीच्या टोकावर आले होते.

माय पुन्हा सुरू झाली. सोंडा तोवर मागं चालत 'भा'वर जाऊन बसला होता. माय नाकातून म्हणाली, "माह्या भांवाची गं माडी..."

कोणीतरी फिस्सकन हसलं. ऑपरेटर काच पुसायला वाकला, तर साहेब ओरडले, "थांबा! हात लावू नका त्याला." ते उठून मायजवळ आले. "आता काय लिहिलं आहे, आजी?"

खरं तर माय काही आजी नव्हती, पण तिनं ते मनावर घेतलं नाही. ती डोळे बारीक करून बघत राहिली. सोंडा खालच्या ओळीत उतरत होता. "दम धरा साहेब, टिकली चालून राह्यली," ती म्हणाली. मग एकदम, "बसली! खिंडक्या. खिंडक्या गं चार."

"अन् आता?" साहेब.

आता एकट्या मायनं नाही, विडीवाल्या काकूनंही सांगितलं, "चांर!" मागून आणखी दोघी-तिघी ओरडल्या, "चांर! चांर!" सोंडा जिकडं जाईल तिकडं अर्धा वर्ग नाकातून बोलायला लागला. सगळ्या नाही, खोटं कशाला सांगू, काही जणी नुसत्याच हसत होत्या. साहेब तर पोत्यावर बसून हसत होते, डोळ्यांतून पाणी. "बाई," ते मला म्हणाले, "या किड्याला कोणी धडा पाठ करवला नव्हता, एवढं मला पटलं." वर्ग चालू राहील असं तिथंच सांगून टाकलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात आमचा मामा. इंझोरीहून बाजाराला कांदे घेऊन आलेला, हातात तागडी तशीच. भोंग्यातून साऱ्या बाजारानं ऐकलं होतं. "अवो बाई," तो मायवर ओरडला, "माह्या मांडीचं काय चालू हाये इथं? लोक मले खिडक्या दाखव म्हनून राह्यले!"

त्यानंतर मामा जिवंत होता तोवर शेलूबाजारच्या बाजारात त्याला लोक विचारायचे, "मामा, हवा येते का बराबर?" तो शिव्या द्यायचा आणि मग स्वतःच हसायचा.

घरी परत जाताना बाया पुढं गात चालल्या होत्या. मी आणि माय मागं. मला राहवेना. "माय, तू वाचाले कवा शिकली वं?"

"तूच शिकवलं नं. कोपऱ्यात बसून मी काय झोपा काढत होती? दिवसा परातीतल्या पिठात काढत होती अक्षरं, तू घरी नसली का."

"मंग पहिल्या काचेले तोंड काहून उघडलं नाई? माह्या जिवाचं पानी झालं!"

"उलटी होती थे. मले उलटं वाचता येत नाई."

मी रस्त्यातच थांबले. मघाशी तिच्या कानाशी काय काय बोलले होते, आणि त्या दिवशी घरी काय काय बोलले होते, सगळं आठवलं. विषय बदलायला मी म्हटलं, "बरं, थे तं ठीक. पन मांडी? तुह्या सोताच्या भावाची माडी, तुह्या सोताच्या तोंडची ओवी. मांडीले कुठं खिडक्या असतेत काय? तुले समजलं नाई?"

"समजाले काय झालं?" माय म्हणाली. "मले बी वाटलं, हे काईतरी गडबड हाये. पन मागच्या खेपेले मी माह्या मनचं म्हटलं, तं तो साहेब हासला, अन् तुह्यी मान खाली गेली. मंग मी ठरोलं. आता पोरीनं लिवलं तेच म्हनाचं. तू मांडी लिवलं, तं मांडी."